एकाच पायावरचं पाणी

पिठोरीच्या अवसेला उधाण मोठं असतं. त्या राती आम्ही बांधावर बसतो. भरतीचं पाणी बांधाला कुठं खांड पाडतं का बघायचं, पाडली तर चिखल आणि पेंढा घालून बुजवायची, एवढंच काम. एकदा का खारं पाणी भातात शिरलं की त्या वर्षीचं पीक गेलंच, वर जमीन पण रुसून बसते. माझ्या हातानं आता फावडं उचलत नाय. तरी पोरं मला नेतात. म्हणतात, "आबा, तुमी नुसतं बसा. पाण्याचा आवाज तुमाला कळतो." खरं तर त्यांना गोष्ट पायजे असते.

यंदा निलेश होता, रितेश होता आणि निकेश. निकेश पेणवरनं रोज गाडीनं रोह्याला जातो, तिथनं धाटावला, एका कंपनीत शिफ्टला. तोंडानं फटकळ, पण पोरगं चांगलं. त्या राती तो आला तोच म्हणाला, "आबा, मी आरमारात जाणार. फॉर्म भरतोय. त्या प्लांटच्या वासानं डोकं उठलंय माझं."

रितेश म्हणाला, "तुला खाडीत पोहता येत नाय नीट. परवा म्हशीची शेपटी धरून आलास बाहेर."

"अरे, जहाजावर पोहायला नाय नेत."

"मग काय म्हशी राखायला नेतात?"

हसले सगळे. मी पण हसलो. मग म्हटलं, "जा बाबा. मी नको म्हणत नाय. देशाचं काम हाय ते. पण पाणी अजून अर्धं चढायचं हाय, तोवर एक ऐक. आरमारातल्याच घराची गोष्ट हाय. माझा साडू काळुराम त्या गोष्टीत होता. वरश्याला राहतो तो, जिवंत हाय, पायजे तर जाऊन विचार."

निलेशनं मोबाईलची बत्ती बंद केली. मी सांगायला लागलो. सांगितलं ते असं.

रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीला लागून एक वाडी हाय. वाडीचं नाव नाय सांगत, ते घर अजून नांदतं हाय. तांडेलांचं घर. आंग्र्यांच्या गलबतांवर त्यांचे पूर्वज होते म्हणतात. ते कुणी बघितलं नाय. पण गोऱ्यांच्या आरमारात त्या घरचा म्हातारा होता, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय; पेन्शनीला रोह्याला यायचा, पांढरी टोपी घालून. त्याचा मुलगा हिराजी, तो पण आरमारात. हिराजीचा मुलगा प्रविण, तो पण. प्रविणचा मुलगा प्रणित, तो पण. एक उतरला की दुसरा चढायचा. म्हातारा म्हणायचा, "आपल्या घरचं एक माणूस दर्याकडं ठेवीला असतं. ठेव काढायची तर दुसरी ठेवावी लागते." लोकांना वाटायचं, बोलायची पद्धत हाय म्हाताऱ्याची.

हा हिराजी एकाहत्तरच्या लढाईत गेला. जहाज बुडालं, मढं काय आलं नाय. त्याची बायको धोंडुबाई, तवा पोरगीच होती, प्रविण तिच्या पोटात. घरी साहेब आले, टोपी काढून उभे राहिले. बायका जमल्या, बांगड्या फोडायला. तर ही हात पदराखाली घेऊन बसली. म्हणाली, "माणूस दाखवा. मग फोडा." माणूस कोण दाखवणार? बांगड्या राहिल्या. कुंकू राहिलं. दर साली हरतालिकेचा उपास राहिला, पाणीसुद्धा न घेता. खाडीची वाळू आणायची, तिची पिंड करायची, रातभर जागायचं आणि नवऱ्याला आयुष्य मागायचं. कोण नवरा? तर तो.

बायका तोंडावर बोलायच्या. "अगो धोंडू, तुझा महादेव तरी कंटाळला असंल." ती म्हणायची, "त्याला सांगू दे मला तसं."

पुढं प्रविण मोठा झाला, आरमारात गेला, त्याचं लग्न झालं, सगुणा घरात आली. प्रविणच्या आधी मधली बरीच वर्षं त्या घरचं कोण आरमारात नव्हतं. पण म्हाताऱ्याला कुणी विचारलं की तो खाडीकडं बोट करायचा. म्हणायचा, "हिराजी हाय ना."

प्रविण उतरला तसा प्रणित चढला. दोन-एक वर्षांत प्रविण घरातच, जेवता जेवता, छातीत कळ येऊन गेला. तर त्या घरात असं चित्र झालं... सुनेचं कपाळ मोकळं आणि सासूचं कपाळ लाल. आणि दोघींचा मिळून एकच, प्रणित. तो पाण्यावर.

आता त्यांच्या गणपतीची रीत सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय.

गणपती आणणाऱ्याचे पाय आपण सगळेच धुतो. तांडेलांच्यात ते वेगळं हाय. तिथं पाय धुवायचे ते फक्त आरमारातल्या माणसाचे. त्या घरचे पुरुष कितीही लांब असले तरी गणपतीला यायची धडपड करायचे आणि गणपती तेच घेऊन यायचे. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. घरच्या बाईनं गोड्या पाण्यानं आधी उजवा पाय धुवायचा, मग डावा. खारं पाणी उंबऱ्याबाहेर राहिलं, की माणूस घरचा झाला. दर्याचा त्याच्यावरचा हक्क सुटला. रजेपुरता का होईना, सुटला. आणि माणूस नसला, दुसऱ्या कुणी गणपती आणला, तर नुसता भाकरतुकडा ओवाळायचा. पाय धुवायचे नाय.

आणि एक. हातात देव घेतला की तो पाटावर बसेपर्यंत बोलायचं नाय. त्याला कुणी काय विचारायचं पण नाय. देव दारात थांबवून चौकशी करत नाय कोण. ही रीत काळुरामला पण ठाव होती. त्यानंच तर सगळं झालं.

करोनाची बंदी उठली त्या सालचा गणपती. हरतालिकेची रात. प्रणितनं मूर्ती पेणला सांगून ठेवली होती, शाडूची, हातभर उंचीची. त्याला रजा मिळणार होती ती रद्द झाली. त्यानं काळुरामला फोन केला. "काका, जहाज बाहेर चाललंय. आता फोन लागायचा नाय. आमचा गणपती तेवढा पोचवा. आईला सांगा, विसर्जनाला जमलं तर येतो."

काळुरामचा तवा छोटा हत्ती टेम्पो होता. गणपतीच्या दिवसांत पेणहून मूर्ती पोचवायचं काम त्याला रातंदिवस. तांडेलांची मूर्ती त्यानं सगळ्यात शेवटी ठेवली, म्हणजे ती पोचवून तसंच वरश्याला घरी जाऊन झोपायचं. कारखान्यातल्या माणसानं मूर्ती पेंढ्यात बसवून दिली, तोंडावर फडकं बांधलं आणि सांगितलं, "काळूदा, शाडू हाय. पाण्याचा थेंब लागला तर रंग सुटंल."

पाऊस उघडला होता. तरी त्यानं वर ताडपत्री बांधली. निघाला.

वडखळला गाड्यांची ही रांग. तिथं सगुणाचा फोन आला.

"काळूभाऊ, निघालात का?"

"निघालो वयनी. देव मागं बसलाय, मी पुढं. भाकरतुकडा तयार ठेवा. देवाला तुकडा, मला अख्खी भाकर."

"ठेवते. पण पाय नाय हां धुणार तुमचे."

"माझे पाय धुवायचे तर साबणाची अख्खी वडी जाईल. नकोच ते."

हसली ती. मग म्हणाली, "प्रणितचा काय फोन?"

"मला परत कुठनं येणार? जहाजावर हाय तो."

"व्हय... आत्याबाय सकाळपास्नं विचारतात. आज त्यांचा उपास. डोळा लवतोय म्हणतात सारखा."

"म्हातारीला म्हणावं, पाणी पी घोटभर."

"ऐकतात होय."

एवढंच बोलणं झालं. नागोठणं मागं पडलं. रस्ता मोकळा झाला. भिसे खिंडीत चढाला गाडी लागली आणि काळुरामला वाटलं, गाडी मागनं दबली. कुणीतरी फळीवर पाय देऊन चढतं ना, तशी. त्याला वाटलं, खड्डा असंल.

खिंड उतरताना त्याच्या ध्यानात आलं. खड्डे तर येतायत. पण मूर्ती वाजत नाय. पाट हलल्याचा आवाज नाय. पेणपासनं नागोठण्यापर्यंत तो एक आवाज सारखा होता, कट् कट्. आता नाय.

त्यानं केबिनच्या मागल्या काचेतनं बघितलं. काळोख होता. समोरनं एक एसटी आली, तिचा उजेड आत पडून गेला. तेवढ्यात दिसलं. ताडपत्रीखाली कुणीतरी मांडी घालून बसलंय. पांढरे कपडे. मूर्ती दोन्ही हातांनी धरलीय.

काळुरामनं गाडी कडेला घेतली. भ्याला नाय तो. त्याला वाटलं, फुकट्या कोण चढला असंल. उतरून मागं गेला, मोबाईलची बत्ती मारली.

तर प्रणित.

आरमाराचे पांढरे कपडे. डोक्याला ती गोल टोपी. मांडीवर गणपती. काळुरामला एवढा आनंद झाला की तो ओरडलाच. "अरे लबाडा! काकाला पण सांगितलं नाय? नागोठण्याला थांबला होतास व्हय? आईला चकित करतोस काय?"

पोरगा बोलला नाय. नुसतं बघितलं त्यानं. काळुरामनं जीभ चावली. देव हातात हाय, बोलायचं नाय. विचारायचं पण नाय. त्यानं आपलं स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं केलं आणि हात जोडले.

एक-दोन गोष्टी त्याला खटकल्या, ते त्यानं मला नंतर सांगितलं. पोराची चड्डी आखूड होती, गुडघ्याच्या वर. आताचे पोरगे असं घालत नाय. सोबत पिशवी नव्हती. आणि पोरगा भिजलेला होता. निथळत होता. पाऊस तर नव्हता. पेंढा भिजला होता, पाट भिजला होता... मूर्तीवर मात्र थेंब नाय. पण माणूस आनंदात असला की खटकलेलं गिळतो. काळुरामनं गिळलं.

गाडीत बसला आणि त्यानं फोन लावला. तो फोन त्यानं लावायला नको होता. पण तुम्ही असता तर? मी असतो तर? मी पण लावला असता.

"वयनी, पाणी तापवा!"

"म्हणजे?"

"पाय धुवायला पाणी तापवा म्हणतोय. तुमचा शिपाई आलाय. मागं बसलाय, देव घेऊन."

पलीकडनं नुसतं रडणं, हसणं, दोन्ही एकदम.

रोहा आला. पूल आला. पुलावर दिवे होते, काळुरामनं काचेतनं परत बघितलं. पोरगा पाण्याकडं बघत होता. खाली कुंडलिकेला भरती होती. उधाण चालू होतं.

वाडीत गाडी पोचली तवा सगळीकडं सामसूम. तांडेलांच्या ओटीवर तेवढा दिवा. दारात सगुणा, नवं लुगडं नेसून, हातात ताट, पायाशी पाण्याचं घंगाळ. वाफ येत होती. आत देवघरासमोर धोंडुबाई, वाळूच्या पिंडीपुढं, जप चाललेला.

काळुरामनं मागली फळी पाडली. पोरगा उतरला. पायात काय नव्हतं. देव छातीशी धरून चालत गेला आणि बरोब्बर उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. रीत माहीत असल्यासारखा.

सगुणानं भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला. तिचे डोळे इतके भरले होते की तिला नीट दिसत पण नसंल. पोराच्या डोळ्यांवर टोपीची सावली. ती खाली बसली. तांब्या भरला. उजव्या पायावर पाणी सोडलं.

हातानं पाय चोळला तिनं.

"अगो बाई... किती गारठलास रे."

दुसरा तांब्या. ऊन ऊन पाणी. पायावर पडायचं आणि थंड होऊन वाहायचं. काळुराम अंगणात उभा होता. ते पाणी वाहत त्याच्या चपलेपर्यंत आलं. थंडगार. आणि थांबेना. दोन तांबे घातले होते तिनं... अंगणात घागरभर पाणी.

खाडीचा वास आला. आपल्या खाडीचा नाय. लांबच्या पाण्याचा.

उजवा पाय झाला. सगुणानं डाव्या पायासाठी तांब्या बुडवला. पोरानं डावा पाय पुढं केला.

तेवढ्यात धोंडुबाई दारात आली. हातात निरांजन. "आला का गो माझा..." असं म्हणत आली. निरांजन वर केलं.

आणि थांबली.

काळुराम सांगतो, तो माणूस तिच्याकडं बघत होता. आणि नातू आजीकडं असं बघत नाय. कवाच नाय.

"सगुणे," म्हातारी म्हणाली. हळू. "तांब्या खाली ठेव."

"आत्याबाय, एक पाय राहिलाय—"

"खाली ठेव गो. हा प्रणित नाय."

सगुणानं वर बघितलं. त्या घरात भिंतीवर हिराजीचा फोटो हाय. पांढरी आखूड चड्डी, गोल टोपी. रोज ती त्याला हार घालायला जायची आणि म्हातारी घालू द्यायची नाय. तिनं त्या माणसाकडं बघितलं, आत भिंतीकडं बघितलं. तांब्या हातातच राहिला. उठता येईना, मागं सरता येईना. डावा पाय तिच्या पुढ्यात तसाच. वाट बघत.

"आलात?" धोंडुबाई म्हणाली.

त्याच्या हातात देव.

"किती उपास केले मी. किती वाळू आणली." म्हातारी हसली थोडी. "मी म्हातारी झाले. तुमी हायत तसेच."



मग तिला आठवलं असंल. सासऱ्याचं बोलणं. तिचा चेहरा असा पडत गेला, निरांजनातलं तूप संपल्यावर वात पडते तसा.

"माझा पोर कुठं हाय?"

तो गप्प.

"प्रणित कुठं हाय? त्याला... त्याला तिथं ठेवून आलात तुमी?"

त्यानं मान खाली घातली.

काळुराम म्हणतो, मला धावता येईना, ओरडता येईना. सगुणा तोंडात पदर कोंबून बसलेली. मागं खाडी चढत होती. तिचा आवाज घराच्या पाठीशी आला होता. कुणाला काय करायचं ते कळत नव्हतं. देव दारात उभा होता, आणि ज्याच्या हातात उभा होता त्याला आत घ्यावं तर पोर जातंय, आणि घालवावं तर...

घालवावं तर कुणी? तिनं. जिनं आयुष्यभर बोलावलं, तिनंच.

"मीच बोलावलं तुमाला," धोंडुबाई म्हणाली. "तुमचा काय दोष नाय. मीच सोडलं नाय."

निरांजन खाली ठेवलं. दोन्ही हात दाराच्या चौकटीवर आपटले. एकदा. परत एकदा. हिरव्या बांगड्या होत्या... उंबऱ्यावर पडल्या, घंगाळात पडल्या, सगुणाच्या डोक्यात पडल्या. मग मनगटानं कपाळ पुसलं. कुंकू आणि रक्त, दोन्ही पसरलं.

"तुमी मेलात," ती म्हणाली. "एकाहत्तरला मेलात. मला आता कळलं."

तो उभा.

"माझं पोर सोडा... जा."

तो उभा.

"जा हो."

तवा तो वाकला. देव उंबऱ्यावर ठेवला. हळू, जरा पण न वाजवता. सरळ झाला. तोंड उघडलं त्यानं. आता देव हातात नव्हता, आता बोलता येत होतं... पण तोंडातनं पाणीच आलं. नुसतं पाणी.

मग वळला. काळुरामच्या अंगावरनं गेला, हातभर अंतरावरनं. घराला वळसा घालून मागं, खाडीकडं. येताना सरळ चालत आला होता. जाताना लंगडत होता. उजवा पाय ओढत. जसा काय तो पाय त्याच्याबरोबर यायला तयार नव्हता.

पाण्यात काय पडल्याचा आवाज आला नाय. काहीच आवाज आला नाय.

बऱ्याच वेळानं काळुरामनं देव उचलून आत पाटावर बसवला. फडकं काढलं. रंग कुठं सुटला नव्हता. त्या दोघी उंबऱ्यात होत्या. सगुणा सारखं एकच म्हणत होती, "एक पाय मी धुतला. आत्याबाय, एक पाय मी धुतला ना." म्हातारी तिच्या डोक्यातल्या बांगड्यांच्या काचा वेचत होती.

मी थांबलो. बांधाला पाणी चाटत होतं. रितेश म्हणाला, "आबा, मग? प्रणित?"

प्रणितचा फोन नाय आला. दुसऱ्या दिवशी नाय, गौरी आल्या तवा नाय. त्या घरात गणपती बसला होता आणि दोघी जणी त्याच्यासमोर नुसत्या बसलेल्या. आरती काळुराम म्हणायचा. फोनला हात लावायची दोघींची छाती नव्हती. वाजला तर काय ऐकावं लागंल, आणि नाय वाजला तर...

विसर्जनाच्या दिवशी वाजला. सगुणा उचलेना. काळुरामनं उचलला.

पोरगा जिवंत होता. मुंबईला इस्पितळात होता. हरतालिकेच्या राती लाट आली, त्याला घेऊन गेली. काळोखात शोधत राहिले, पहाटेला सापडला. पालथा नाय, उताणा. कुणीतरी पाठीखाली हात घालून ठेवल्यागत. शुद्धीवर यायला दिवस गेले. सगळं बरोबर होतं. डॉक्टरांना फक्त उजव्या पायाचं कळेना. हाड मोडलं नव्हतं, नस तुटली नव्हती. पण पाय थंड. टाचणी टोचली तरी कळायचं नाय.

घरी आणला तवा सगुणानं उंबऱ्यावर त्याचे पाय धुतले. आधी बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत बसली. त्याचं नाव विचारलं. त्याच्या आईचं नाव विचारलं. पोरगं रडायला लागलं, "आई, मीच हाय गो." मग धुतले. डावा पाय ऊन झाला. उजवा नाय झाला. अख्खं घंगाळ ओतलं, परत भरलं, परत ओतलं. शेवटी म्हातारीनं तिचा हात धरला. म्हणाली, "पुरे. एवढा त्यांच्याकडं राहू दे."

आरमारानं त्याला घरी सोडला. आता त्या घरचं कोण पाण्यावर नाय. म्हातारी हाय अजून. पांढऱ्या कपाळानं हाय. उपास करत नाय, वाळू आणत नाय. पण हरतालिकेच्या राती दाराला कडी घालून उंबऱ्यात बसते, उजाडेपर्यंत. जिनं आयुष्यभर वाट बघितली, ती आता वाट अडवून बसते. आतल्या बाजूनं रडते म्हणतात. बाहेरनं कोण काय करतं, ते तिलाच ठाव.

"संपलं," मी म्हटलं. "ओहोटी लागली बघा. बांध तरला."

निलेश उठला, रितेश उठला. निकेश उठला नाय. एवढा फटकळ पोरगा, गोष्ट चालू असताना मधनं एक शब्द बोलला नव्हता, ते माझ्या आता ध्यानात आलं.

"निकेश, घरी चल. सकाळी शिफ्ट असंल ना तुझी?"

"आबा," तो म्हणाला, "तो प्रणित आता काय करतो?"

"करतो कुठं तरी नोकरी. बसून कोण खायला घालणार?"

"कुठं?"

मला ठाव होतं. पण त्याला पण ठाव होतं असं त्याच्या आवाजावरनं वाटलं.

"आमच्या प्लांटात एक जण हाय," निकेश म्हणाला. "स्टोअरला. लंगडतो. जास्त बोलत नाय. कंपनीचे बूट असतात ना आमचे, ते जाताना रॅकवर ठेवतो आमी. त्याच्या उजव्या बुटाला आतनं पांढरं फुटतं. मीठ फुटल्यावानी. आमी त्याला हसायचो... म्हणायचो, केमिकलमध्ये पाय घातलास काय."

"मग?"

"साहेबांनी त्याला नवा जोड दिला. गेल्या अवसेच्या आदल्या दिवशी."

खाडी मागं सरत होती, चिखल उघडा पडत होता.

"डावा अजून नवाच हाय, आबा."